तळ बघणारे धर्मा नाखवा

मध्यंतरी जावयांबरोबर त्यांची नवी गाडी घेऊन बोरिवलीला सर्व्हिसिंगला गेलो होतो. तिथल्या पोरसवदा मॅनेजरने यंत्राने गाडी डोक्याच्या वर उचलली, खाली उभा राहिला आणि बोट दाखवून म्हणाला, "अंकल, खालच्या पत्र्याला जरा वरवरचा गंज आलाय. काही विशेष नाही. घासून कोटिंग मारून देतो." जावई मोबाइलमध्ये गुंतले होते. मी पुढे झालो, मान वर केली आणि त्या तांबूस डागावरून बोट फिरवलं. बोटाला भुकटी लागली. त्यानंतर मी जे केलं ते बघून जावई ओशाळले आणि मॅनेजरने दुसरीकडे तोंड फिरवलं. मी ते बोट जिभेला लावलं.

ही खोड मूळची माझी नव्हे. ती धर्मा नाखवांची.

एकोणीसशे साठ उलटून काही वर्षं झाली होती. मी साकीनाक्याला एका लहानशा रंगाच्या कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला होतो. लग्न झालं होतं, पण बायकोला आणायला खोली नव्हती. कोणीतरी सांगितलं म्हणून वेसाव्याच्या कोळीवाड्यात गेलो आणि नाखवांच्या घरातली एक खोली मिळाली. सुमनला घेऊन, सामानासकट दारात उभा राहिलो तेव्हा नाखवा ओट्यावर बसले होते. उंच, काळेभोर, छातीवर पांढऱ्या केसांचं जंगल, कमरेला कोळ्यांचा चौकड्याचा रुमाल. आमच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. उठून सरळ आमच्या ट्रंकेपाशी गेले, तिचं एक टोक उचललं आणि खाली वाकून बघितलं.

"खालशी कुजली," ते म्हणाले. "जमिनीवर नको ठेवू. फलीवर ठेव."

मग आम्हाला म्हणाले, "या."

सुमन आल्याआल्या हिरमुसली, कारण ट्रंक तिच्या माहेरची होती. संध्याकाळी मी ती उलटी केली. खालचा पत्रा खरोखरच गेला होता.

चारचौघं एखादी वस्तू हातात घेतात तेव्हा रंग बघतात, आकार बघतात, फारच चिकित्सक असतील तर वाजवून बघतात. नाखवा ती उलटी करायचे. बाजारातून आणलेलं पातेलं, सुमनचा स्टोव्ह, कोणाच्या नव्या चपला, काहीही असो. शेजारी पहिला रेडिओ आला तेव्हा सगळी आळी गाणं ऐकायला जमली होती. नाखवांनी रेडिओ उचलून आडवा केला आणि खालचे स्क्रू तपासले. गाणं बंद पडलं, लोक ओरडले, पण नाखवांनी तपासणी पुरी करूनच तो खाली ठेवला. "वरचं लोक बगतात," ते म्हणायचे. "खालचं दर्या बगते." आमच्या मुलीच्या बारशाला बायका तिचं नाक कोणावर गेलं यावर वाद घालत होत्या. नाखवांनी तिला उचललं, दोन्ही तळवे बघितले, अंगठ्याने दाबले आणि निकाल दिला, "तल चांगलं हाय. चालंल पोर."

आयुष्यभर होड्यांचे तळ राखलेला माणूस. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या ओढून किनाऱ्यावर घ्यायच्या, कुशीवर कलंडवायच्या, खालची कालवं खरवडायची, फटींत कापसाच्या वाती ठोकायच्या, वर राळ आणि मग मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल. अख्ख्या वेसाव्यात या कामात नाखवांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण मी राहायला गेलो तेव्हा त्यांची स्वतःची होडी नव्हती आणि ते समुद्राकडे पाठ करून बसत. ओट्यावरून सरळ समोर पाणी दिसायचं, आणि नाखवांची चटई मात्र भिंतीकडे तोंड करून. हे मला विचित्र वाटे. पण घरमालकाला असलं काही विचारण्याइतका मी धीट नव्हतो.

होडीच्या जागी त्यांच्याकडे टॅक्सी होती. म्हणजे त्यांचा मुलगा हरेश्वर, ज्याला सगळे हरेश म्हणत, त्याची. काळी-पिवळी, बऱ्याच हातांतून फिरून आलेली. हरेश माझ्याच वयाचा, बोलायला तुफान, केसांना खूप तेल. आमची पहिल्याच आठवड्यात अरेतुरेवर येण्याइतकी दोस्ती झाली.

त्या वर्षी वैशाखात एका सकाळी अंगणात आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी बाहेर आलो. आळीतले दहा-बारा बाप्ये टॅक्सीच्या एका बाजूला हात लावून उभे होते. दुसऱ्या बाजूला जुन्या जाळ्यांचा आणि काथ्याच्या पोत्यांचा ढीग. बॅटरी काढलेली, पेट्रोल उपसलेलं. नाखवांनी हाळी दिली, बाकीच्यांनी "हैसा" म्हणून जोर लावला, आणि टॅक्सी सावकाश त्या ढिगावर कुशीवर निजली.

"हे काय रे?" मी हरेशला विचारलं.

"बाबाला सांग तू," हरेश म्हणाला. "मला बोलतो, होडी आडवी करतात तर गाडी का नाय? खाली निजून काम करणारा कारागीर आंधळाच असतो म्हणे."

तेवढ्यात रस्त्याने जाणारा एक हवालदार धावत आत आला. "कोणाला लागलंय? किती माणसं होती गाडीत?" त्याने विचारलं. नाखवा हातातली खरवडणी न थांबवता म्हणाले, "कोन नाय. तिला निजवली." हवालदाराला हे समजावून सांगताना हरेशच्या नाकी नऊ आले. शेवटी हवालदार चहा पिऊन गेला, पण जाताना दोनदा मागे वळून बघत गेला.

नाखवांचं काम बघण्यासारखं असे. आधी ते लाकडी दांडक्याने सगळा तळ वाजवत आणि कान लावून ऐकत. मग गंजावर बोट घासत. "यो वरचा," ते मला दाखवत. "चामरीवरच्या घामोल्यासारका. याला घाबरायचं नाय, पन ठेवायचा बी नाय. ठेवला का आत जाते." तारेच्या ब्रशने आणि पॉलिश कागदाने पत्रा घासून ते त्याला पांढरा लखलखीत करत. मग गोड्या पाण्याच्या घागरीवर घागरी ओतून धूत. समुद्राच्या वाऱ्याने पत्र्यावर मीठ बसतं, आणि मीठ आत ठेवून रंग मारला तर रंगाखाली गंज पुन्हा उठतो, हे त्यांचं म्हणणं. मीठ गेलं की नाही हे ठरवायची पद्धत एकच: धुतलेल्या पत्र्यावर बोट फिरवायचं आणि जिभेला लावायचं. "खारं हाय," म्हणाले की आणखी एक घागर. त्यांची बायको हरकूबाय विहिरीवरून ते पाणी डोक्यावर आणत असे. ती दारातून ओरडायची, "मानसांना प्यायला पानी नाय, न् यो गारीला आंघोल घालते!" नाखवा ऐकून घेत आणि रिकामी घागर पुढे करत.

रंगाच्या बाबतीत मात्र ते मला विचारत. मी कारखान्यातून तांबड्या प्रायमरचा डबा आणला तेव्हा त्यांनी अर्थातच आधी डबा उलटा करून बघितला, मग वास घेतला, मग मान हलवली. तांबडा हात, तो पुरता वाळल्यावर काळा हात. इथवर सगळं शास्त्रशुद्ध. पण त्यावर ते मुशीचं तेल फासायचेच. मी खूप सांगून पाहिलं की रंगावर आता तेलाची गरज नाही. ते म्हणाले, "तुजा रंग हाय, माजं तेल हाय. दोगं राखतील."

त्या तेलाचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. पुढचा महिनाभर हरेशची वाट लागायची. स्टँडवर टॅक्सी उभी केली की गावातली मांजरं खाली येऊन बसत. एकदा घाटकोपरचे एक शेठजी कुटुंबासह बसले. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी नाकाला रुमाल लावला. "भाई, गाडी में मच्छी है क्या?" हरेश म्हणाला, "नाही शेठ, गाडीला औषध लावलंय." शेठजींनी बराच धीर धरला, पण शेवटी आजीबाईंनी गाडी थांबवायला लावली आणि सगळं कुटुंब विक्रोळीला उतरून बसच्या रांगेत उभं राहिलं. हरेशने घरी येऊन तक्रार केली, "बाबा, पासिंजरपेक्षा मांजरं जास्त जमतात." नाखवा खूश झाले. "मांजरं बसतात म्हंजे तेल अस्सल हाय," ते म्हणाले.

आता मुख्य गोष्ट. गाडी पहिल्यांदा कुशीवर निजवली तेव्हा नाखवांना तिच्या तळाला भोकं दिसली होती. दारांच्या खाली पत्र्याची आडवी पोकळ पेटी असते, तिच्या बुडाला लहान लहान भोकं. दारांच्या खालच्या कडेलाही तशीच. नाखवा खरवडणी टाकून उभेच राहिले. सगळ्या आळीला बोलावून त्यांनी ती दाखवली. वेसाव्यात पिढ्यान्पिढ्या एक गोष्ट पक्की ठाऊक होती की खालचं भोक म्हणजे मरण. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी म्हणालं, कारखान्यातल्या माणसांनी पाडली आणि बुजवायला विसरली. कोणी म्हणालं, साहेबाच्या देशातला सुतार आळशी. हरेश, होडीवाल्याचाच पोर, त्यालाही हे पटलं. मला रंगाच्या डब्यापलीकडे गाडीतलं काही कळत नव्हतं. नाखवांनी कापसाच्या वाती राळेत भिजवल्या आणि बोथट पटाशीने एकेका भोकात अशा ठोकून बसवल्या की नखाने चाचपलं तरी कळू नये. त्या कामाला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. कपाळावरून घाम ओघळत होता आणि ते काहीतरी पुटपुटत होते.

ते पुटपुटणं कशापायी होतं ते मला पुढे सुमनकडून कळलं. हरकूबायने एका दुपारी सुकट निवडताना तिला सांगितलं होतं. नाखवांचा थोरला मुलगा पांडू. नाखवांची होडी घेऊन गेला, सोबत दोन गडी होते. वादळ नव्हतं, काही नव्हतं. दुसऱ्या होडीवाल्यांनी त्यांना बाहेर समुद्रात बघितलं, तेवढंच. होडीही मिळाली नाही आणि माणसंही. त्या वर्षी होडीच्या तळाला वाती नाखवांनी एकट्याने भरल्या होत्या. "तेवापासून यो रोज विचार करते," हरकूबाय म्हणाली होती, "एक फट राह्यली आसंल. कनची राह्यली, ती शोधते मनात." हरेशला त्यांनी होडीवर पाय ठेवू दिला नाही. त्याला गाडी शिकायला अंधेरीला पाठवलं. जमिनीवर कोणी बुडत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं असणार. आणि मग जमिनीवरच्या वाहनाच्या तळालाही भोकं निघाली.

हे कळल्यावर रोज सकाळचा एक प्रकार मला वेगळा दिसू लागला. हरेश टॅक्सी काढायच्या आधी नाखवा गुडघ्यावर बसत आणि तळहात दारांच्या खालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत. एकेक वात चाचपत. मग उठून टपावर थाप मारत आणि म्हणत, "जा." तो शब्द आल्याशिवाय हरेश गिअर टाकत नसे. मी दाढी करताना आरशात हे रोज बघायचो आणि त्या शब्दाची वाट बघायचो. खरं सांगायचं तर, तो ऐकल्यावर मलाही बरं वाटायचं.

काही वर्षं अशीच गेली. एका श्रावणात रविवारी आम्ही सगळे आरे कॉलनीत फिरायला गेलो. खूप आग्रह केल्यावर नाखवाही पुढे हरेशच्या शेजारी बसले. परत येताना पाऊस कोसळला आणि एका उतारावर रस्त्यावरून पाणी वाहत होतं. हरेशने गाडी रेटून घातली. दारांच्या फटींतून पाणी आत आलं, आम्ही पाय वर घेतले. पलीकडे चढावर आलो, गाडी थांबवली. बाहेरचं पाणी ओसरलं, पण आतलं जिथल्या तिथे. घोट्यापर्यंत.

"आता हे जाणार कुठे?" सुमनने विचारलं.

"जानार कुठं? एक थेंब नाय जानार!" नाखवांचा चेहरा असा खुलला होता की तसा मी पूर्वी कधी बघितला नव्हता. "आतलं भायेर जात नाय म्हंजे भायेरचं आत येत नाय."

"मग हे आत आलं ते?" सुमनने विचारलं. नाखवांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, आमच्या फराळाच्या डब्याचं झाकण घेतलं आणि गाडीतलं पाणी उपसायला सुरुवात केली. होडीतलं पाणी उपसतात ती लय त्यांच्या हातात जशीच्या तशी होती. कमरेतून एक झोका, मनगटाला एक झटका, पाणी दाराबाहेर. आरेच्या म्हशी रवंथ करत हे बघत होत्या. हसून हसून आमची मुरकुंडी वळली होती, आणि नाखवाही हसत होते. त्यानंतर कित्येक दिवस वळणावर गाडीच्या पोटात डुबुक डुबुक वाजत राहिलं. नाखवांना तो आवाज आवडायचा. "पानी धरून हाय," ते म्हणायचे.

पुढल्या वैशाखात, गाडी आडवी करायचे दिवस जवळ आले असताना, हरेश जेवणाच्या सुट्टीत माझ्या कारखान्याच्या फाटकावर आला. "परब, चल जरा," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरलेला होता. जवळच्याच गॅरेजात टॅक्सी जॅकवर उभी होती. साकीनाक्याच्या चौकात त्याने ब्रेक दाबला तेव्हा टाचेखालची चटई खाली गेली होती, आणि चटई बाजूला केल्यावर त्याला रस्ता दिसला होता.

गॅरेजवाल्या उस्तादाने मला खाली वाकून दाखवलं. तळ काळाभोर, तुकतुकीत, गंजाचा ठिपका नाही. मग त्याने दाराखालच्या पेटीत स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो पुठ्ठ्यात जावा तसा आत गेला, आणि मागोमाग तांबूस चिखलासारखं पाणी भळभळा बाहेर आलं. उस्तादाने एक वात उपटून काढली आणि ती चिमटीत धरून बघत राहिला.

"बाहर से तो ऐसी गाडी मैंने देखी नहीं," तो म्हणाला. "अंदर से सड गयी. ये किसने बंद किया? पानी को भी जाने का रास्ता मंगता है ना, भाई."

दोन वाक्यांत सगळं कळलं. काचेच्या फटीतून, दारातून पाणी आत येतंच. ती भोकं ते बाहेर जायला ठेवलेली. आम्ही त्याला कोंडून ठेवलं होतं, आणि त्याने आतून पत्रा खाल्ला होता. हरेश बाकड्यावर बसला. चहा आला, तो गार झाला.

"काय सांगणार आहेस घरी?" मी विचारलं.

"काय नाय. बोलेन, दगडावर आदळली." मग तो म्हणाला, "त्याला सांगू नको यार. त्याला वाटेल, दुसरी पण त्यानेच बुडवली."

उस्तादाने सडलेला पत्रा कापून नवा जोडला, वाती सगळ्या काढल्या. हरेशने घरी दगडाची गोष्ट सांगितली. नाखवांनी ऐकून घेतली. पण सकाळी त्यांचा तळहात गाडीखाली गेला आणि मध्येच थांबला. तळहाताला कोण फसवणार? ते उठले, आत गेले, राळेचं मडकं आणि कापूस घेऊन आले आणि चुलीपाशी न जाता तिथेच अंगणात तीन दगड मांडून राळ तापवायला बसले.

मी ओट्यावर दाढी करत होतो. अर्धा गाल साबणाचा. आत जावं की थांबावं ते कळेना.

हरेश आला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "बाबा, वाती नको," तो म्हणाला.

"भोकं हायत."

"असू दे. पानी वरून आत येतं. दारातून, काचेतून. आपण ते बंद करू शकत नाय. त्याला बाहेर जायला ती वाट हाय. आपण वाट बुजवली, तर ते आतच राहिलं."

नाखवांचा हात वात वळता वळता थांबला. राळेला बुडबुडे येत होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे दगर नव्हता."

"नव्हता."

"म्हंजे मीच कुजवली."

हरेश खोटं बोलेल असं मला वाटलं. मी असतो तर बोललो असतो. पण तो म्हणाला, "हो. गाडीचं तुझं चुकलं. मलाही कळलं नाय, गावात कोणालाच कळलं नाय. पण हो, वातीमुळेच."

नाखवा खाली बघत राहिले. मग इतक्या हळू बोलले की मला ओठांवरूनच कळलं. "पांडूच्या होरीला बी मीच भरल्या व्हत्या."

"ठाव हाय मला," हरेश म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, रागाने नव्हे. "गाडीचं चुकलं ते कळलं, कारण गाडी समोर हाय. उघडून बघितली. होडी कोणी उघडून बघितली, बाबा? ती मिळालीच नाय. तुझं चुकलं असं तुला कोण बोललं? दर्या बोलला? का आई बोलली? तू एकट्यानेच बसून ठरवलंस. इतकी वर्षं."

दारात हरकूबाय उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. नाखवांनी मडकं फडक्याने धरून उतरवलं, दगडांवर पाणी ओतलं आणि वाती गोळा करून आत गेले. हरेशने गाडी सुरू केली. इंजिन चालू ठेवून तो बराच वेळ थांबला. "जा" काही आलं नाही. शेवटी तो तसाच गेला. आरशात माझ्या गालावरचा साबण वाळला होता.

ते वर्ष वाईट गेलं. गाडी आडवी झालीच नाही. हरेशने विचारलं तर नाखवा म्हणाले, "गॅरेजात कर." त्यांनी वस्तू उलट्या करून बघणं सोडलं. मी मुद्दाम नवा कंदील आणून त्यांच्यापुढे ठेवला, त्यांनी तो वरूनच बघितला आणि चांगला आहे म्हणाले. मला रडू यायचं बाकी होतं. रोज सकाळी हरेश इंजिन चालू ठेवून थोडा थांबायचा आणि मग निघायचा. एक बदल मात्र हळूहळू झाला. तो कधी झाला ते आम्हाला कोणालाच सांगता आलं नसतं. ओट्यावरची चटई फिरली. नाखवा तोंड समुद्राकडे करून बसू लागले. नुसते बघत.

त्याच वर्षी श्रावणात कारखान्याने मला मुलुंडला राहायला जागा दिली. नाइलाज होता, पोरगी शाळेच्या वयाची झाली होती. निघायच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. हरेशच्या टॅक्सीच्या टपावर आमची ट्रंक चढली, तिच्यावर ताडपत्री. आम्ही ओट्यावर जाऊन नाखवांच्या पाया पडलो. त्यांनी पोरीचा पाय उचलून तळवा बघितला. सुमनने माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी ते असं काही बघत होते.

आम्ही गाडीत बसलो. हरेशने इंजिन सुरू केलं आणि नेहमीसारखा थांबला. नाखवा पावसात खाली उतरले. अंगावर रुमालाशिवाय काही नव्हतं. ते माझ्या दाराशी आले आणि गुडघ्यावर बसले. मी काच खाली करून वाकलो. त्यांनी तळहात चाचपायला नव्हे, तर उताणा, ओंजळीसारखा गाडीखाली धरला होता. दाराखालच्या भोकातून पाणी थेंब थेंब, मग बारीक धारेने त्यांच्या हातात पडत होतं. आधी तांबूस, मग मातकट, मग नितळ. जन्मभर पाणी आत येईल म्हणून भ्यालेला तो माणूस पाणी बाहेर जाताना बघत होता. हरेशने मागे वळून बघितलं नाही. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर घट्ट होते.

बऱ्याच वेळाने नाखवांनी ती ओंजळ तोंडाशी नेली आणि जीभ लावली.

"खारं नाय," ते म्हणाले.

मग उठले, टपावर थाप मारली. "जा."

मागच्या काचेतून मी बघत राहिलो. गल्लीच्या वळणापर्यंत ते तिथेच होते, पावसात, हात अजून तसाच पुढे धरलेला.